पुराचं पाणी ओसरलं, भिंतींना बुरशी : गणपतीआधी रंग काढावा का?

प्रश्न : वाशिष्ठीकाठ

चिपळूणजवळ तळमजल्याचं घर आहे. जुलैअखेर आत साडेतीन फूट पाणी होतं, दीड दिवस राहिलं. गाळ काढून फरशी धुऊन झाली, त्याला आता तीन आठवडे होतील. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, नऊ इंची. दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा, आतून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट, बाहेरून वेदरकोट. पाणी साडेतीन फुटांवर होतं, पण ओल आता जवळजवळ पाच फुटांपर्यंत चढलेली दिसते. त्या पट्ट्यात काळे-हिरवे ठिपके आलेत, कोपऱ्यात पांढरं कापसासारखं काहीतरी आहे आणि कपाटामागे तर पूर्ण काळं झालंय. घरभर कुबट वास.

रंगारी म्हणतो, ब्लिचिंगचं पाणी मारू, वर डॅम्पप्रूफचा एक हात, मग पुट्टीचे दोन हात आणि रंग. आठ दिवसांत घर गणपतीला तयार. आईला दम्याचा त्रास आहे, म्हणून बुरशी लवकर घालवायची आहे. हे करावं का? सनमायकाची दोन कपाटं, एक सागवानी पलंग आणि गाद्या यांचं काय करायचं तेही सांगा.

---

चिरेबंदी

डॅम्पप्रूफ, पुट्टी आणि रंग आत्ता मुळीच नको. बुरशी हा वरवरचा भाग आहे. खरा प्रश्न भिंतीत साठलेल्या पाण्याचा, आणि त्याला बाहेर पडायची वाटच तुमच्याकडे नाही. बाहेर वेदरकोट, आत प्लास्टिक पेंट. दोन्हीकडून झाकण लावल्यासारखं झालंय. म्हणून तर पाणी वर चढलं. चिरा सच्छिद्र असतो, पाणी ओढून घेतो, आणि बाजूने उडून जाता आलं नाही की ते वर वर सरकतं. त्यावर आणखी एक थर चढवलात तर चतुर्थीला भिंत सुंदर दिसेल, दिवाळीपर्यंत फुगे येतील आणि पोपड्यांच्या मागे आत्तापेक्षा जास्त बुरशी असेल. पुट्टीतली चिकट द्रव्यं आणि रंगातला सेंद्रिय भाग हे तिचं खाद्यच आहे.

वेळेचा हिशोब समजून घ्या. भिजलेली दगड-विटांची भिंत चांगल्या हवेत महिन्याला साधारण एक इंच वाळते असा ठोकताळा आहे. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी चार-पाच महिने धरा. कोकणात सप्टेंबरअखेरपर्यंत हवाच इतकी दमट असते की त्या दिवसांत फारसं काही वाळत नाही. खरं वाळणं ऑक्टोबरनंतर. म्हणजे शेवटचा रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये. 2019 साली सांगली-कोल्हापूरला ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पूर होता आणि चतुर्थी 2 सप्टेंबरला आली. 2021 मध्ये चिपळूणला 22 जुलैला पाणी आलं, चतुर्थी 10 सप्टेंबरला. दोन्ही वेळा मधला काळ दोन महिन्यांहूनही कमी. पुरानंतरच्या गणपतीपर्यंत भिंत वाळणं या पंचांगात बसतच नाही, हे आधी मान्य केलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आता काम. सगळ्यात आधी घराबाहेर जा आणि भिंतीला लागून गाळ साचलाय का बघा. घर आतून धुतात, पण बाहेरचा गाळ जोत्याला टेकलेलाच राहतो आणि महिनोन्‌महिने भिंतीला पाणी पुरवतो. जोत्याच्या वरच्या कडेपासून किमान सहा इंच खालपर्यंत तो काढा, अंगणाचा उतार भिंतीपासून लांब जाईल असा करा.

आत, ओलीच्या रेषेच्या वर आणखी दीड फूट, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा फुटांपर्यंत, रंग आणि पुट्टी खरवडून काढा. गिलावा सरसकट पाडू नका. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा; खणखणीत आवाज येतो तिथला राहू द्या, पोकळ येतो तिथला पाडा. स्कर्टिंगच्या पट्ट्या मात्र सगळ्या काढा. त्यांच्या मागे बोटभर गाळ बसलेला असतो आणि वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. बाहेरचा वेदरकोटही खालचे चार-पाच फूट खरवडायला हवा, पण तो पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरात.

कोपऱ्यातलं पांढरं कदाचित बुरशी नसेल, लोणा (भिंतीतून बाहेर आलेले क्षार) असेल. त्यावर थोडं पाणी फवारा. विरघळून दिसेनासं झालं, किंवा चिमटीत घेतल्यावर मिठासारखं कुरकुरलं तर लोणा. लोंबतं, चिकटतं, पुसल्यावर डाग ठेवतं ती बुरशी. लोणा सुक्या ब्रशने झाडून खाली कागदावर गोळा करायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात भिंत वाळायला लागेल तेव्हा लोणा आत्तापेक्षा जास्त येईल. घाबरू नका, पाणी बाहेर पडतंय याची ती खूण आहे.

---

चुना_आणि_रंग

वरच्या सगळ्याला अनुमोदन. ब्लिचिंगबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पुरानंतर ती पावडर घरोघरी असते आणि जिथे तिथे वापरली जाते.

फरशी, टाइल्स, सिंक, प्लास्टिकच्या खुर्च्या यांवर ती उत्तम. आधी साबणाच्या पाण्याने घासून गाळ पूर्ण काढायचा, कारण माती राहिली की क्लोरीन तिच्यावरच खर्च होतो. मग 1 लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर, म्हणजे सपाट मोठा चमचा. अर्धा तास ठेवा, वरचं निवळ पाणी ओतून घ्या, दहा मिनिटं पृष्ठभागावर राहू द्या, नंतर धुवा. त्याच दिवशी संपवा. पिशवी उघडी राहिली की दमट हवेत पावडरीचा जोर जातो, तेव्हा पाकीट ताजं घ्या. स्टीलला लावून ठेवू नका, गंज धरतो.

गिलाव्यावर आणि लाकडावर मात्र तिचा फार उपयोग नाही. क्लोरीन वरच्या वर संपतो आणि पाणी तेवढं आत मुरतं. डाग पांढरा पडल्यामुळे बुरशी गेली असं वाटतं, दोन आठवड्यांत ती त्याच जागी परत दिसते.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. ब्लिचिंगचं पाणी आणि संडास धुवायचं आम्लाचं औषध एकत्र कधीही नाही, एकामागोमाग त्याच जागीही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबरही नको. सिमेंटच्या भिंतीवर व्हिनेगर मारा असं सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात. गिलावा मुळात अल्कधर्मी असतो, तो व्हिनेगर जागच्या जागी मारून टाकतो. कडाप्पा-संगमरवराची मात्र झिलई जाते.

भिंतीसाठी कृती अशी. पंखा बंद. शेजारच्या खोलीचं दार बंद, फटीला ओलं फडकं. बुरशीवर साबणाचं पाणी हलकं फवारून ती ओली करा, मगच खरवडा. सुकी बुरशी तारेच्या ब्रशने घासली की बीजाणू घरभर उडतात. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनेही तेच होतं. खरवडलेलं सगळं गोणीत भरून तोंड बांधून लगेच बाहेर. मग दोन बादल्या घ्या, एकीत साबणपाणी, दुसरीत स्वच्छ पाणी, आणि पिळलेल्या फडक्याने पुसून काढा. भिंतीवर पाईप लावून धुवू नका. मेलेल्या बुरशीनेही दम्याचा त्रास होतो, म्हणून ती नुसती मारून चालत नाही, भिंतीवरून उचलून घराबाहेर गेली पाहिजे.

आणि गणपतीसाठी चुना. मी गंभीरपणे सांगतो आहे, नाइलाज म्हणून नाही. विरवलेला चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी उगवत नाही, आणि त्यातून भिंतीतली वाफ बाहेर जाते, म्हणजे वाळण्याच्या आड तो येत नाही. ओलसर भिंतीवर चुना उलट चांगला धरतो. कळीचा चुना घ्या, पाण्यात चुना थोडा थोडा टाका (चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतो), एक दिवस मुरू द्या, जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. 1 किलो चुन्याला साधारण 5 लिटर पाणी, दुधासारखं पातळ. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, प्रत्येकामध्ये एक दिवस सोडून. जाड दिलात तर पापुद्रे सुटतात. चिकटावा म्हणून मीठ किंवा फेविकॉल घालायची सवय असते. इथे दोन्ही नको. मीठ ओल ओढतं, फेविकॉल बुरशीला खायला घालतं. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे हवेतच, चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. आणि चुना प्लास्टिक पेंटवर धरत नाही, खरवडलेल्या भागावरच मारा. वर पेंट आणि खाली चुना असा पट्टा दिसेल. त्यापुढे मखर आणि आरास आली की तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

चुन्याचा हा गुण कायमचा नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याची अल्कता उतरते. पण एवढा हिवाळा तो नक्की सांभाळेल.

---

दमा_श्वसन

आईंबद्दल. सफाई आणि खरवडणं चालू असेल तेव्हा, आणि त्यानंतर एक-दोन दिवस, त्यांना दुसऱ्या घरी ठेवा. शेजारच्या खोलीत ठेवून पुरत नाही. त्यांचा नेहमीचा पंप रोजच्या रोज चालू आहे ना पाहा. पावसाळ्यात बरं वाटलं की तो बंद करण्याची चूक खूप जण करतात. झोपायची खोली सगळ्यात आधी स्वच्छ करा, कारण दिवसाचे सात-आठ तास तिथे जातात.

काम करणाऱ्यांसाठी एन-95 मास्क, आणि तो नाकाशी नीट बसलेला. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क बीजाणू अडवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ठोकताळा असा की बुरशी 10 चौरस फुटांपर्यंत असेल तर घरच्या घरी काढावी. तुमचं क्षेत्र त्याहून बरंच मोठं आहे, तेव्हा एका वेळी एकच भिंत आणि निरोगी माणसांनीच. ज्यांची साखर आटोक्यात नाही, जे स्टेरॉइडच्या गोळ्यांवर आहेत किंवा ज्यांचं केमो चालू आहे, त्यांनी या कामाला हात लावू नये.

2021 पासून काळी बुरशी म्हटलं की लोकांना म्युकरमायकोसिस आठवतो. भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांचा त्याच्याशी संबंध जोडू नका, त्या बुरशी सहसा वेगळ्या असतात. रंगावरून जातही कळत नाही, आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून पैसे घालवायची गरज नाही. कुठलीही असो, काढायची पद्धत तीच.

गाळात अनवाणी काम झालं असेल आणि कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर पुराच्या पाण्यात वावर झाला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोकणात अशा वेळी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका घ्यावीच लागते.

---

सागवान

गाद्या फेकून द्या. कापसाची असो की फोमची, पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं आणि ते आतपर्यंत जातं. उन्हात घालून, पिंजून घेऊनही ती स्वच्छ होत नाही. आईंच्या दम्याला तर ती सर्वात वाईट.

कपाटं कशाची आहेत त्यावर आहे. दाराच्या खालच्या कडेला सनमायका नसलेली जागा शोधा. आत भुसा दिसला आणि कड फुगून जाड झाली असेल तर तो भुशाचा बोर्ड. गेला, परत बसत नाही. थर दिसले तर प्लाय. साध्या कमर्शियल प्लायचा गोंद पाण्यात सुटतो, थरांमध्ये नख घालून बघा. सुटत असतील तर तीही गेली. आय.एस. 710 शिक्क्याची मरीन प्लाय बहुधा वाचते, पण सनमायका दोन्ही बाजूंनी असल्यामुळे आतलं पाणी लवकर निघत नाही. मागची पातळ प्लाय पूर्ण काढून टाका, कपाट भिंतीपासून ओढा, दारं-खण उघडे ठेवा. मागची प्लाय रंग लागेपर्यंत बसवू नका.

सागवानी पलंगाला काही होणार नाही, फक्त उन्हात ठेवू नका. एक बाजू भराभर सुकली की फळी वाकते आणि सांधे तडकतात. सावलीत, वारा लागेल असा, खाली विटा देऊन ठेवा. बुरशी ओल्या फडक्याने पुसा, सुकल्यावर 120 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा (मास्क लावून, अंगणात). मग टाकणखार, साधारण 50 ग्रॅम 1 लिटर गरम पाण्यात विरघळवून, ब्रशने दोन हात आणि न धुता तसंच सुकू द्या. पॉलिशवरून तो आत जात नाही, उघड्या लाकडालाच उपयोग होतो, म्हणजे पाट्यांच्या खालची बाजू आणि पायांचे तळ. वाळवीही त्याने दूर राहते, आणि पुरानंतर ओल्या लाकडाला वाळवी लवकर लागते. मुलांच्या हाताला लागणार नाही असं बघा.

दारं आत्ता फुगून चौकटीत अडकत असतील. सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका! डिसेंबरात ती आपोआप आकसतील आणि मग बोटभर फट राहील. फारच अडलं तर बिजागऱ्या काढून दार सावलीत उभं ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ

खूप आभार सगळ्यांचे. चुन्याचं पटलं, रंगाऱ्याला तसंच सांगतो. दोन शंका. भिंत लवकर वाळावी म्हणून हॅलोजन दिवे किंवा हीटर लावून ठेवू का? आणि भाड्याने डीह्युमिडिफायर मिळतोय, 25 लिटरचा, तो घ्यावा का? शिवाय भिंत वाळली हे शेवटी ओळखायचं कसं?

---

चिरेबंदी

हीटर आणि हॅलोजन नको. खिडक्या बंद करून खोली तापवली की भिंतीतलं पाणी हवेत येतं, आणि रात्री तीच वाफ थंड भिंतीवर, छतावर, कपाटात परत बसते. बुरशीला ऊब आणि दमटपणा दोन्ही मिळतात. छतापर्यंत डाग चढतात ते असेच.

डीह्युमिडिफायर जरूर घ्या, पण भिंती खरवडून-पुसून झाल्यावर. आधी लावलात तर त्याचा पंखा बीजाणू फिरवत राहील. 25 लिटर हा आकडा सहसा 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो; हवा कोरडी होत जाईल तसं पाणी कमी निघेल, म्हणजे यंत्र बिघडलं असं नाही. एका वेळी एकच खोली, खिडक्या-दारं घट्ट बंद, नळी थेट मोरीत सोडा. खिडकी उघडी ठेवून लावणं म्हणजे सगळ्या कोकणची हवा वाळवत बसणं. 400 वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला साडेनऊ युनिटच्या आसपास जातात, त्या हिशोबाने खर्च धरा. सागवानी पलंग त्या खोलीत ठेवू नका.

यंत्र नसेल त्या खोल्यांसाठी चार-पाचशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या, एक आत आणि एक पडवीत. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच खिडक्या उघडा. साधारण दुपारी बारा ते चार, तेही उघडीप असली तर. रात्री आणि पाऊस चालू असताना बंद. पंखा भिंतीच्या दिशेने, जमिनीलगत, सतत चालू. आतली आर्द्रता 60 टक्क्यांखाली राहिली तर बुरशी नव्याने धरत नाही. ओले कपडे घरात वाळत घालू नका, एका धुण्यातून दोन-एक लिटर पाणी हवेत जातं. फिनेल, कापूर, डांबराच्या गोळ्या यांनी वास झाकला जातो, बुरशीला काही होत नाही.

वाळलं की नाही हे असं बघा. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. एक जमिनीपासून फूटभर उंचीवर, एक चार फुटांवर, आणि उत्तरेकडच्या भिंतीवर नक्की. आतून दव धरलं किंवा भिंत गडद झाली तर थांबा. जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी करा. पिनांचं मॉइश्चर मीटर लाकडावर चांगलं चालतं. चौकटी आणि कपाटं 16 टक्क्यांखाली आली की पॉलिशला हरकत नाही. भिंतीवर मात्र लोणा असल्यामुळे ते उगाच जास्त दाखवतं, कारण क्षार वीज वाहून नेतात. दोन वेळा लागोपाठ प्लास्टिक कोरडं निघालं की सिमेंट प्रायमर आणि रंग. पण खालच्या पाच फुटांना प्लास्टिक पेंट पुन्हा देऊच नका, चुना किंवा सिलिकेटचा रंग द्या. पुन्हा पाणी आलं तर भिंत निम्म्या त्रासात वाळेल.

आणि कपाटं परत लावताना बाहेरच्या भिंतीपासून चार इंच सोडा. तुमच्याकडे सगळ्यात काळं कपाटामागेच झालंय, हवा तिथे फिरतच नव्हती.

---

वायरमन_मेगर

एक राहिलं. साडेतीन फुटांच्या खालचे सगळे प्लगबोर्ड पाण्यात होते. भिंतीतल्या पाईपमध्ये अजून गाळ-पाणी असणार, आणि कितीही खरवडलंत तरी बोर्डाभोवतीची ओल त्यामुळे जात नाही. खरवडण्याआधी मेन बंद करा, ओल्या भिंतीवर लोखंडी पत्र्याने काम आहे. खालचे सॉकेट आणि स्विच वाळवून वापरू नका, बदला. पाईपमधल्या वायरी ओढून बाहेर काढा, पाईपात हवा मारून गाळ काढा, नव्या वायरी टाका. मग परवानाधारक वायरमनकडून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) तपासणी. 1 मेगाओमपेक्षा कमी आलं तर ते सर्किट जोडायचं नाही. 30 मिलीअँपिअरचा आर.सी.सी.बी. (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवा, आणि गणपतीच्या रोषणाईची माळ त्याच्या मागेच जोडा. नवे प्लगबोर्ड साडेचार फुटांवर घ्या.